दाजींच्या डोणीतल्या गोगलगायी

ताईला बघायला आले तेव्हा ऐन पोह्यांच्या वेळी दाजी गायब झाले. सापडले आमच्या मागच्या ओढ्यात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दगड उलटताना. आईला वाटलं होतं, मुलगा पळाला.

मंचरजवळच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवायची त्यांची सवय. मी एकदा तसाच टाकून पुढे निघालो तर म्हणाले, "मेवणं, कुणाचं तरी दार उघडलंत. आता लावा."

त्यांना हवी होती नखाएवढी एक गोगलगाय. शंखावर बारीक धार, वस्ती फक्त गार झऱ्यात. लहानपणी त्यांनी ती पाहिली होती. पुण्याच्या एका अभ्यासक बाईंनी पत्रातून कळवलं, ती बहुधा संपली. जिवंत दाखवाल तरच मानता येईल. चार वर्षं सुट्टी लागली की दाजी पश्चिमेकडच्या घळींत. ती नसलीच तर, असं मी एकदा विचारलं. "तिला घाई न्हाई मेवणं, आपल्यालाच लई."

नव्वदचं दशक संपताना, एका मार्चमध्ये, घळीतल्या एका झऱ्यात पाच सापडल्या. काचेच्या बरणीत घरी आणल्या. दुसऱ्या दिवशी दाजी बाईंना आणायला पुण्याला गेले. ताई बाजाराला. त्यांच्या घरी मी एकटा.

मी ग्रामपंचायतीचा पाणीवाला. विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकणं ही माझी आयुष्यातली एकमेव विद्या. परसातली गुरांच्या पाण्याची दगडी डोणी शेवाळून हिरवी झालेली. पुण्याची पाहुणी येणार आणि दारात ही घाण? ओंजळभर पावडर टाकली, खराट्याने घासली, ताजं पाणी भरलं. बरणीतलं पाणी तापतं म्हणून दाजींनी निघायच्या आधी पहाटेच गोगलगायी डोणीत सोडल्या होत्या. मला कोण सांगणार?

दाजी बाईंना घेऊन आले, डोणीवर वाकले. पांढरे पडलेले शंख एकेक करून तळहातावर घेतले. पावडरचा वास त्यांना आलाच असणार. माझ्याकडे पाहिलं नाही. बाईंना म्हणाले, "उन्हानं गेल्या, म्याडम. सावली धरायची राह्यली माझ्याकून."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, चहा घेतला. डोणी किती स्वच्छ आहे म्हणाल्या.

पुढची सहा वर्षं आम्ही दोघं त्या झऱ्यावर जात होतो. काही सापडलं नाही. मग झराच उन्हाळ्यात आटायला लागला. त्या दिवसाबद्दल दाजी एक शब्द बोलले नाहीत; मीही नाही.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. दरवर्षी श्राद्धाला जेवणं उरकली की ताई पाहुण्यांना हटकून सांगते, "जन्मभर एका किड्यापायी फिरला माणूस, अन् सापडल्यावर साधी सावली धरता आली न्हाई."

सगळे हसतात. मी ताक वाढत असतो.