पहिल्या शतकातला दिवा

सरांनी तो दिवा माझ्यासमोर ठेवला तेव्हाच मला संशय आला. दिव्याचा नंतर, आधी सरांचा.

दादरच्या एका वाचनालयात आम्हा निवृत्त लोकांचं चर्चामंडळ आहे. सर माहीमचे, कॅथलिक, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. मी परळची. पुरातत्त्व खात्यात आयुष्यभर खापरांची चित्रं काढली. खणताना निघालेला प्रत्येक तुकडा उलटसुलट करून बघायचा आणि कागदावर उतरवायचा, हेच माझं काम. मंडळात ते एकटे ख्रिस्ती आणि मी एकटी बौद्ध, त्यामुळे आम्ही कधी शेजारी बसायला लागलो ते कळलंच नाही.

त्या वर्षी गिरगावातल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी चर्चेला विषय सुचवला: ख्रिस्ती धर्माच्या उगमाबद्दल पुरातत्त्व काय सिद्ध करू शकतं? त्यांचं स्वतःचं मत पक्कं होतं. येशू नावाचा माणूस झालाच नाही, सगळं नंतर रचलेलं. सर त्यांच्या विरुद्ध बोलणार होते आणि शेवटी मी, जाणकार म्हणून.

चर्चेच्या चार दिवस आधी सर घरी आले. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, कापसात गुंडाळलेला मातीचा दिवा. तळहातावर मावेल एवढा, वरच्या बाजूला क्रूस.

"आमच्या हिनं आणलेला, यात्रेला गेली होती तेव्हा," सर म्हणाले. त्यांच्या पत्नीला जाऊन तीन वर्षं झाली होती. "पहिल्या शतकातला आहे. सर्टिफिकेट पण आहे. तुम्ही फक्त एकदा नजर घाला."

"फक्त नजर?"

"आणि त्या दिवशी दोन शब्द बोला. तुम्ही बोललात तर कुणी शंका घेणार नाही."

हेच मला खुपलं. मी ख्रिस्ती नाही, म्हणून माझा शब्द त्यांना हवा होता. आमच्या मैत्रीचा यात किती भाग आणि माझ्या उपयोगाचा किती, असा विचार मनात आला आणि मी चहा टाकायला उठले.

ते गेल्यावर दिवा खिडकीशी नेला. पहिल्या शतकात येशूच्या मुलखात जे साधे दिवे वापरात होते ते चाकावर घडवलेले, चोच वेगळी करून जोडलेली. हा दोन साच्यांतून काढलेला. कडेनं सांधा बोटाला लागत होता. आणि क्रूस! ख्रिस्ती लोक क्रूस उघडपणे मिरवायला लागले ते कितीतरी पिढ्यांनंतर. तरी मनात म्हटलं, नंतरच्या काळातला असेल, जुना तर असेल. खाचांतल्या मातीला पाणी लावलं. माती ढिम्म. मग सुनेचं नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेतलं आणि माती गोंदासकट निघून आली. खाली नवीकोरी, केशरी भाजलेली माती.

मी कापूस टाकून दिला आणि दिवा डब्यात ठेवला. सरांना फोन केला नाही. त्यांना ठाऊक असणार, असं मी धरून चालले. इतिहासाचा शिक्षक, त्याला क्रूस कळणार नाही? आता ते काय करतात ते बघू, असा एक दुष्ट विचारही होता, तो का लपवू?

चर्चेच्या दिवशी डबा परत देताना मी एवढंच म्हटलं, "हा टेबलावर नका ठेवू, सर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण तेवढ्यात अध्यक्षांनी नाव पुकारलं.

इंजिनिअर जोरात बोलले. येशूच्या हातची एक वस्तू दाखवा, त्याच्या हयातीतला एक शिलालेख दाखवा. "मॅडम तुमच्यासमोर आहेत, विचारा त्यांना. आहे का एक तरी?"

सर उठले. चांगलं बोलत होते. मग कुणीतरी मागून हसलं आणि सरांचा तोल गेला. त्यांनी पिशवीतून डबा काढला. "हा घ्या पुरावा. बाईंनी स्वतः तपासलाय."

सगळे माझ्याकडे वळले. मला वाटलं, यांनी मला मुद्दाम अडकवलं.

"हा दिवा नवा आहे," मी म्हणाले. "माती गोंदानं चिकटवलेली आहे. नेलपॉलिश रिमूव्हर लावलं की निघून येते."

इंजिनिअर टेबलावर थाप मारून म्हणाले, "झालं! मिटला विषय."

"नाही मिटला," मी म्हणाले. का कोण जाणे, त्यांचाच राग आला. "दिवा खोटा निघाला, त्यावरून माणूस खोटा ठरत नाही. ज्या रोमन सुभेदारानं त्याला शिक्षा दिली असं सांगतात, त्याचं नाव कोरलेला दगड सापडलाय. टाचेच्या हाडात खिळा तसाच असलेला एक सांगाडा सापडलाय, म्हणजे माणसांना असं मारत होते. तो सांगाडा येशूचा नव्हे. पण खेड्यातल्या सुताराच्या नावानं शिलालेख कोण कोरणार? माझे आजोबा परळच्या गिरणीत उभा जन्म राबले. गिरणी गेली, चाळ गेली, तिथं टॉवर झाला. उद्या तिथं खणलंत तर आजोबांचं काय सापडेल? म्हणून ते नव्हतेच?"

"मग तो मेल्यावर उठला, हेही मानायचं का?"

"ते मानायचं की नाही, हे खणून कळत नाही. आमच्या कुदळ-फावड्याचं ते कामच नाही."

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. सरांनी डबा बंद केला आणि चहा न घेता निघून गेले.

दोन महिने ते आले नाहीत. फोन केला तर उचलला नाही. मग एका रविवारी सकाळी, चर्चमधली मिसा आटपून, सरळ माझ्या दारात. बसले, पाणी प्यायले.

"बाई, तुम्हाला आधीच कळलं होतं. मला का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

"मला?" त्यांचा आवाज चढला. "आमची ही दर शुक्रवारी तो लावायची. मी कधी नीट हातात घेऊन बघितला नाही. बघावंसं वाटलं नाही. पण खोटा आहे हे ठाऊक असून तुमच्यापुढे आणला असता मी?"

चार दिवस मी त्यांच्यावर पाळत ठेवल्यासारखी गप्प राहिले होते, आणि ते साध्या विश्वासानं आले होते.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या धर्मातलं काही असतं, तर लावलं असतंत ते रिमूव्हर?"

हा प्रश्न मला त्या दिवसापासून छळत होता. मी त्यांना जे सांगितलं ते घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला एका पडक्या स्तूपाशी आमचं काम चाललं होतं. दगडी करंड्यात थोडी राख आणि हाडाचे दोन तुकडे निघाले. कुणाचे, हे लिहिलेलं नव्हतं. सुट्टीवर घरी आले तेव्हा वडील अंथरुणाला खिळलेले. माझा हात धरून त्यांनी विचारलं, "बुद्धाचे?" मी म्हटलं, "हो, बाबा." ते रडले. शेजारपाजारच्यांना बोलावून सांगितलं. महिन्याभरात गेले. आमच्या विहारात ती गोष्ट अजून सांगतात, माझ्या नावानिशी.

सरांनी पाण्याचा पेला बाजूला सारला.

"म्हणजे तुम्ही सगळ्यांसमोर माझा दिवा खोटा पाडलात," ते म्हणाले, "आणि वडिलांना..."

"हो."

"विहारात सांगणार का आता खरं?"

"माहीत नाही."

ते पुन्हा मंडळात यायला लागले. शेजारीच बसतात. पण मी एखादी गोष्ट ठामपणे सांगितली की चष्म्यावरून माझ्याकडे बघतात आणि हळूच विचारतात, "हे रिमूव्हर लावून सांगताय, की तसंच?" मी विहारात अजून काही बोललेले नाही.