डोमाच्या छपरीतले मृदंग

कुरखेड्याच्या बाजारात कुणी फुटका मृदंग विकायला आणला की लोक त्याला आमच्या गावाची वाट दाखवत. "डोमा ढिवराकडे ने. तो घेते." आणि डोमा खरंच घ्यायचा. बदल्यात मासे द्यायचा, मासे नसले तर त्या माणसाचं धान कापून द्यायचा.

त्याच्या छपरीत पाय ठेवायला जागा नव्हती. मृदंग, ढोल, मांदर; काही उंदरांनी कुरतडलेले, काही उन्हानं तडकलेले. तलावावरून जाळं घेऊन आला की हा त्यांच्यात जाऊन बसे. लाख वितळवून चिरा भरी, ओल्या चामडी वाद्या दातओठ खाऊन ओढी, लोहकीस आणि भात घोटून कातड्यावर काळी शाई चढवी. जातीतले म्हातारे चिडले. ढिवराच्या पोरानं कातड्याला हात लावावा म्हणजे काय? डोमानं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. परगावचे लोक मात्र कौतुक करत, "काय नाद आहे बुवा!" म्हणत. मी त्याचा शेजारी, मध्ये एक काटेरी कुंपण. मला ते कौतुक ऐकून रागच यायचा. कारण हा नाद नव्हता, हे मला ठाऊक होतं.

डोमाचा थोरला भाऊ मनसाराम आमच्या दंडारीचा मृदंगवाला. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरे आणि रात्रभर नाच-सोंगांची दंडार चाले. मनसारामनं मृदंगावर थाप दिली की पेंगणारी म्हातारीसुद्धा सावरून बसे. डोमाला सगळी पंचक्रोशी 'मनसारामचा भाऊ' म्हणून ओळखे. जाळं फेकण्यात तो भावापेक्षा सरस होता, पण जाळं फेकणाऱ्याला कोण वाहवा म्हणतो?

मग एका पावसाळ्यात मनसाराम तापानं गेला. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू घरात ठेवत नाहीत. अंथरूण, धोतर, काठी, सगळं तिसऱ्या दिवशी सती नदीच्या काठावर नेऊन टाकायचं. ते काम डोमाकडे आलं. त्यानं अंथरूण नेलं, धोतर नेलं, आणि मृदंगही नेला.

मनसारामची बायको कुंता घरात डोकं टेकून बसली होती. तेरावं झाल्यावर तिची नजर खुंटीवर गेली.

"भाऊजी, त्याईचा मृदंग कुठी आहे?"

"नदीवर टाकला. वापरातला होता."

कुंतानं कोपऱ्यात पाहिलं. मनसारामचं जाळं तिथंच होतं, नीट घडी घालून.

"जाळंबी वापरातलंच होतं नं? मंग मृदंगच काऊन टाकला?"

डोमाचं उत्तर तोंडातून निघण्यासारखं नव्हतं. जाळ्यावर पोट चालतं, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं त्याला, मला आणि बहुधा कुंतालाही ठाऊक होतं: त्या मृदंगाचा त्याला हेवा वाटत होता. तो धावत नदीवर गेला. मृदंग नव्हता. कुणी उचलला, की पुरात गेला, कोण सांगणार?

त्या दिवसापासून कुंतानं त्याच्याशी बोलणं टाकलं. जेवायला वाढी, लेकराबाळांचं पाही, पण शब्द नाही. आणि डोमानं मृदंग गोळा करायला सुरुवात केली. प्रत्येक मृदंग दुरुस्त झाला की तो अंगणात बसून वाजवी. कुंता दाराशी येई, ऐकून घेई आणि म्हणे, "हा नाई." एवढे दोनच शब्द तिच्याकडून त्याला मिळत. त्या दोन शब्दांसाठी तो रानातली गावं पालथी घाली. गावोगावचे मृदंग त्याच्या छपरीत आले आणि तिकडच्या दंडारी रिकाम्या डब्यावर होऊ लागल्या, याची त्याला कल्पनाही नव्हती. अशी वर्षं गेली.

मग एका साली मंडईच्या आधी लालसू नावाचा एक गोंड माणूस पाठीवर मृदंग बांधून आला. कातडं फाटलं होतं.

"बसवून दे भाऊ. मंडईत वाजवाचा आहे."

डोमानं मृदंग मांडीवर घेतला आणि त्याचा हात थांबला. तोंडाजवळ लाखेनं भरलेली एक चीर होती. मनसारामनं ती भरली तेव्हा दिवा डोमानंच धरला होता.

"कुठला हा?"

"बापाले नदीकाठी भेटला. आता मी वाजवतो. आमच्या इकडं याच्याबिगर मंडई होत नाई."

डोमानं कातडं चढवलं. मी कुंपणाशी उभा राहून पाहत होतो. त्यानं थाप दिली. कुंता दाराशी आली. यावेळी ती पदर तोंडाशी धरून उंबऱ्यावरच बसली.

"लालसू," डोमा घाईनं म्हणाला, "हा मले राहू दे. छपरीतले पायजे तेवढे घेऊन जाय."

"नाई भाऊजी," कुंता म्हणाली. "त्याचा त्याले द्या. तिकडं वाजून राह्यला तो. तुमच्या छपरीतला एकतरी वाजते का?"

मग ती उठून अंगणात आली. इतक्या वर्षांत ती त्याच्या एवढी जवळ आलेली मी पाहिली नव्हती.

"मले मृदंग नोको होता, भाऊजी. तुमी एकडाव म्हणाले पायजे होतं, का चुकलं माह्यं. मी तेवढंच आयकाले दाराशी येत होती."

ती थांबली. खरंच थांबली. लालसूसुद्धा तंबाखू मळायचा राहिला. मला वाटत होतं, कुंपणावरून उडी मारावी आणि या माणसाच्या पाठीत एक गुद्दा घालावा. बोल की रे बाबा!

डोमानं मान खाली घातली. वादीला हात लावला, ती उगाच एकदा ओढली.

"आवाज जरा चढा लागला," तो लालसूला म्हणाला. "उतरवून देतो."

कुंता आत गेली. लालसू मृदंग घेऊन निघाला, आणि त्या साली त्यांच्या मंडईत तो रात्रभर घुमला म्हणतात. डोमा गेला नाही. आता तो कुणाचा मृदंग घेत नाही, कुंताही दाराशी येत नाही. तो जेवायला बसतो, ती वाढते. मला कुंपणापलीकडून फक्त ताटाचा आवाज येतो.