पानांच्या कडा बघणारे ग्रंथपाल

आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल पुस्तक बरं की वाईट हे ठरवायला ते उघडत नसत. मिटलेलंच खिडकीशी धरायचे, पानांची कड उजेडाकडे करून. जिथवर कड मळलेली, तिथवर लोकांनी वाचलं. जिथून पांढरी, तिथून सोडलं. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. चिटणीसांनी त्यांचं नाव अंगठेबहाद्दर ठेवलं होतं. सगळं आयुष्य पुस्तकांत घालवलेल्या माणसाला निरक्षराची पदवी! ग्रंथपालांना ती आवडायची. म्हणायचे, "खोटं काय आहे? मी अंगठेच वाचतो."

यजमान गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, मी तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी नोंदवही लिहायला जाते. अक्षर चांगलं आहे, ती कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर मंडळींची कृपा. तिथे पुस्तकाला हात लावण्याआधी तळवे दाखवावे लागत, आणि पानावर बोट उमटलं तर तास संपेपर्यंत उभं राहावं लागे. त्यामुळे मळलेली कड ही कौतुकाची गोष्ट असू शकते हे पचायला मला बराच काळ लागला.

आमच्याकडे सर्वांत जास्त मागणी असते ती यशाच्या, आत्मविश्वासाच्या, मन खंबीर करण्याच्या पुस्तकांना. दोन फळ्या भरून आहेत. एकदा विमा विकणारे एक गृहस्थ आले.

"काहीतरी जोशाचं द्या हो. यंदा आपल्याला उडायचंय."

ग्रंथपालांनी सोनेरी अक्षरांचं एक काढून खिडकीशी धरलं. "हे बघा. चाळीसेक जणांनी नेलंय. सगळी मंडळी अठ्ठाविसाव्या पानावर उतरली."

"का? काय आहे तिथे?"

"पहाटे चारला उठा, असं लिहिलंय."

"मग मी सत्ताविसाव्यापर्यंतच वाचतो!"

"त्यापेक्षा हे न्या." त्यांनी राखाडी रंगाचं एक बारकं पुस्तक पुढे केलं. "कव्हर अगदी मेलेलं आहे. पण शेवटच्या पानापर्यंत मळलंय, आणि दोघांनी परत येऊन दुसऱ्यांदा नेलंय. ओरडत नाही हे पुस्तक."

त्यांचे निकष मी तेव्हाच डायरीत उतरवून ठेवले. फक्त पहिलं प्रकरण मळलंय ती नुसती जाहिरात. मध्येच एखादं पान काळं झालंय तर तेवढंच पान वाचावं, बाकी भरती आहे. पेन्सिलच्या रेघा पहिल्या दहा पानांत दाट आणि पुढे एकही नाही, तर लेखकाकडे दहा पानांचाच मालमसाला होता. ही पुस्तकं मी स्वतः फारशी वाचलेली नाहीत. पण त्यांनी दिलेलं पुस्तक शिव्या घालत परत केलेला माणूस मला आठवत नाही.

त्यांची लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. सत्तावीस वर्षांची, बोलकी. माझ्या आताच्या चष्म्याचा नंबर तिनेच काढलाय. मागच्या वर्षी जानेवारीत एका दुपारी ती कामावरून मधूनच घरी आली, दाराशी चपला काढल्या आणि खोलीत जाऊन निजली. काय झालं ते कोणालाच कळलं नाही; बहुधा तिलाही नसावं. त्यानंतर ती घराबाहेर पडलीच नाही. डॉक्टर येऊन जातात, गोळ्या चालू आहेत. वेळ लागेल, एवढंच ते सांगतात. बापाला मात्र वाटायचं, जगाला हवं ते पुस्तक काढून दिलं, मग पोटच्या पोरीला देता येणार नाही?

म्हणून नवीन पुस्तकं आली की त्यांतलं एक, मी शिक्का मारायच्या आधी, ते तिच्यासाठी घरी न्यायचे. रीतसर, तिच्याच कार्डावर. कोरं अशासाठी, की त्याच्या कडेवर जे काही उमटेल ते तिचंच असेल. माझ्या डायरीप्रमाणे चौदा महिन्यांत अकरा पुस्तकं गेली आणि अकराही जशीच्या तशी परत आली. ते खिडकीशी उभे राहायचे आणि मी पाठीवरूनच ओळखायची. सातव्याच्या कव्हरवर पाण्याच्या पेल्याचं वर्तुळ होतं. "पेला तरी ठेवला," ते म्हणाले.

चौदा मार्चला, शुक्रवारी, ते जिना धापा टाकत चढून आले. पिशवीतून बारावं पुस्तक काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं, नवजात मूल ठेवावं तसं.

"ताई, बघा. तुम्हीच बघा."

एकशे ब्याण्णव पानं. कड पहिल्यापासून शेवटपर्यंत मळलेली होती.

"सगळं वाचलंन! उशीखाली ठेवायची, मला वाटायचं नुसतंच ठेवते. आणि बघा!" त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. "मी काल काही बोललो नाही तिला. म्हटलं, उगाच दडपण नको."

मी पुस्तक उघडलं. शेवटच्या पानात खूण म्हणून शिवणाचा दोरा ठेवला होता. आणि कडेवरचा मळ जरा निळसर होता. तो निळा रंग मी ओळखला. ग्रंथपालांची बायको घरी शिवणकाम करते. यजमानांचा लोकरी कोट तिनेच मला बेतून दिला, आणि त्याच्या अस्तरावर तिच्या खडूची निळी रेघ अजून आहे. मी ती धुऊ दिलेली नाही.

"छान झालं," मी म्हणाले.

मंगळवारी कोटाचं बटण सैल झाल्याचं निमित्त काढून मी त्यांच्या घरी गेले. दाराशी लेकीच्या चपला होत्या, धूळ पुसून नीट लावलेल्या. आतल्या खोलीचं दार बंद होतं. बायको मशीनवर बसली होती. बटण तिने हातात घेतलं, ओढून पाहिलं.

"पक्कं आहे की हे."

"हो," मी म्हणाले.

तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "कळलं तुम्हाला."

"खडू."

"हात पुसून घ्यायची हो मी. तरी लागलाच मेला." ती हलक्या आवाजात बोलत होती. "रोज संध्याकाळी ह्यांचं एकच. आज कुठवर आली? किती पानं झाली? ती तर उघडतसुद्धा नाही. म्हटलं, घरात कोणीतरी वाचायला हवं ते. दुपारी तिला झोप लागली की काढायची उशीखालून."

"कसं आहे पुस्तक?"

"चांगलं आहे ना. लिहिलंय, रोज सकाळी एक गोष्ट ठरवा आणि तेवढीच करा. मी ठरवते. आज तिला बाहेर बसवायचं." ती जरा हसली. "ठरवलेलं माझं, उठायचं तिने. त्यावर काही लिहिलेलं नाही."

आतून आवाज आला. "आई, कोण आहे?"

"वाचनालयातल्या ताई गं. येतेस का बाहेर?"

आम्ही दोघी दाराकडे बघत राहिलो.

"नको," आतून आवाज आला. मग थोड्या वेळाने, "चष्मा नीट बसतोय ना त्यांना?"

"छान बसतोय!" मी जरा मोठ्यानेच म्हणाले.

निघताना बायकोने माझा हात धरला. "ह्यांना सांगू नका. चार दिवस झाले, दोन वेळचं नीट जेवताहेत."

मी कबूल केलं. शुक्रवारी सकाळी वाचनालयात गेले तर ग्रंथपाल बांधणीच्या टेबलाशी उभे होते. बारावं पुस्तक शिकंज्यात आवळलेलं, हातात पॉलिश कागद. पुस्तकाची कड घासायला त्यांनी कधी कोणाला परवानगी दिली नव्हती. आता स्वतःच घासत होते. टेबलावर बारीक निळसर भुकटी पडली होती.

"या खिडकीला ऊन आलं की सगळं दिसतं, ताई," ते वर न बघता म्हणाले. "त्या दिवशी ढग होते."

मी खुर्चीत बसले. वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"तिला बोललात काही?"

"कोणाला? बायकोला? नाही. काल मला विचारत होती, 'खूश झालात ना?' म्हटलं, झालो." त्यांनी भुकटीवर फुंकर मारली. "एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो, हे घ्या, हे घेऊ नका. आता तुम्ही सांगा. पुढचं कोणतं नेऊ?"

हा प्रश्न त्यांनी मला कधीच विचारला नव्हता. नवीन आलेली सहा पुस्तकं माझ्यासमोर होती, सगळ्यांच्या कडा पांढऱ्याशुभ्र. सहाही कव्हरं मी वाचली. एकावर डोंगर, एकावर उगवता सूर्य, एकावर हात पसरून उभा असलेला माणूस.

त्यांनीच मग हात पुढे केला. या खेपेला खिडकीकडे गेले नाहीत. सहाही पुस्तकं नुसती हातावर तोलून पाहिली आणि सगळ्यात जाड होतं ते उचललं.

"हे लिहा," म्हणाले. "बारकं लवकर संपतं तिच्या आईचं."

मी लेकीचं कार्ड काढलं आणि त्यावर तेरावी नोंद केली.