भीमसेनरावांनी घेतलेले दात

भीमसेनराव गिंडीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं लेथवर उभे होते. निवृत्त झाल्यावर हातांना काही सुचेना. लेक सहाना शोळिंगनल्लूरला कंपनीत. तिनं फोनवर ऑनलाइन लिलाव कसे चालतात ते एकदा दाखवलं, आणि त्यांच्या बायकोच्या, अलमेलूच्या, घरात वस्तू यायला लागल्या. लिफ्टमनचं स्टूल आलं. कुलपं नसलेल्या किल्ल्यांचा डबा आला. सर्कशीतल्या विदूषकाचे हातभर लांब बूट आले. ते घालून नवरा बाल्कनीपर्यंत चालत गेला तेव्हा ती हसली होती, पण ते कबूल करत नसे.

आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमारास, जे खोकं आलं त्यात मात्र दात होते. एका बंद पडलेल्या दवाखान्यातले, चाळीस माणसांच्या दातांचे प्लास्टरचे साचे. दुसऱ्या कुणी बोलीच लावली नव्हती.

"अवो, पोदुम! पुरे आता," अलमेलू म्हणाली. घरातल्या तंजावरी मराठीत राग मावेनासा झाला की तिला तमिळ लागायची. परक्यांची तोंडं घरात नकोत, तेही आडीतल्या देवीच्या शुक्रवारी, असं तिनं बजावलं.

भीमसेनरावांनी खोकं खिडकीशी ओढलं. चष्मा लावून ते एकेक साचा पुसत बसले. प्रत्येकाखाली पेन्सिलीनं नाव नि पेठ लिहिलेली. हा एकाच बाजूनं चावणारा, हा झोपेत दात खाणारा, असं ते पुटपुटत, आणि नको नको म्हणत अलमेलू स्वयंपाकघरातून ऐकत राही. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाचलं, "राघवेंद्रराव, आदंबाक्कम."

ती पळी हातात घेऊनच बाहेर आली. पुढच्या दोन दातांमध्ये चांगली मोठी फट होती. नाव तेच, पेठ तीच; ओळखीच्या गोदाक्कांचे यजमान! त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. अलमेलूनं तो साचा स्वच्छ पंच्यात गुंडाळला आणि नवऱ्याला शर्ट बदलायला सांगितलं.

गोदाक्कांपुढे भीमसेनराव सगळं समजावायला लागले आणि मधेच ओशाळून थांबले. म्हातारीनं साचा मांडीवर घेतला. बराच वेळ त्या फटीवरून बोट फिरवलं.

"फोटोत कधी तोंड उघडलं नाही त्यांनी," ती म्हणाली. "लाजायचे. हसायचे ते माझ्यापुढेच."

मग तो कुठे ठेवायचा यावर तिघांचा खल झाला. देवघरात बरा दिसेना. शेवटी कॉफीच्या डब्याशेजारी जागा ठरली, कारण सकाळी पहिल्यांदा ते तिथेच यायचे.

परतताना बसमध्ये अलमेलूनं उरलेली नावं विचारली, आणि ओळखीपाळखीतून नंबर काढून आधी फोन करून विचारायचं, असं ठरवून टाकलं. दिवाळीपर्यंत अकरा जणांनी आपापले दात नेले. पेरंबूरच्या एकानं टाकून द्या म्हणून सांगितलं. बाकीच्यांचा पत्ताच लागला नाही. त्यांचे साचे कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत.

हल्ली बोली लावण्याआधी भीमसेनराव बायकोला दाखवतात. परवा लिलावात कापडदुकानातला मिशीवाला पुतळा निघाला होता. अलमेलूनं साफ नको म्हटलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, मिशी रंगवलेली आहे की चिकटवलेली.