तीन बोटांचा हात

आमच्या ख्रिस्ती लोकांत माणूस गेला की त्याला चांगले कपडे घालतात, हातांत पांढरे मोजे चढवतात आणि मग पेटीत ठेवतात. हातमोजे पेटीवालाच पेटीबरोबर देतो. वडील गेले तेव्हा ते चढवायचं काम माझ्याकडे आलं. डावा हात झाला आणि उजव्याशी येऊन मी अडले.

वडिलांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. मी दुसरीत असताना शिरोलीच्या एका कारखान्यात प्रेस मशीनखाली करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. तेव्हापासून तो हात चारचौघांत खिशात. फोटोत खिशात, चर्चच्या दारात कुणी सलाम करून हात पुढे केला तरी खिशातच. माझ्या लग्नात त्यांनी मला वेदीपर्यंत नेलं तेही डाव्या हाताने. मला त्या हाताची लाज वाटायची. आता उगाच गोड कशाला बोलू!

मोज्याची दोन बोटं रिकामी लोंबत होती. मी शिवणकाम करणारी बाई, जन्म ब्लाउज शिवण्यात गेला. डब्यातून कापूस काढला, त्या दोन बोटांत ठासून भरला, आतून टाके घातले. हात कसा भरलेला दिसायला लागला. आयुष्यभर लपवलेला हात आज तरी छातीवर ठेवता येईल, असं मला वाटलं. स्वतःवर खूशसुद्धा झाले मी.

आईला काचबिंदूमुळे दिसायचं नाही. ती माणसं हातावरून ओळखायची. उपासना सुटली की बायका मुद्दाम गप्प राहून तिचा हात धरायच्या आणि ती लगेच म्हणायची, "तू व्हय! भाकरी थापून थापून हात पार लाकूड झालाय की गं तुजा." वडिलांचा तो हात मात्र फक्त तिच्यासाठी खिशातून बाहेर यायचा. संध्याकाळच्या प्रार्थनेला दोघं खाटेवर बसायची, आणि प्रार्थना संपेपर्यंत ती तीन बोटं आईच्या मुठीत असायची.

पेटी बंद करण्याआधी आईला जवळ आणलं. तिने चाचपडत उजवा हात शोधला, बोटांवरून बोटं फिरवली आणि चटका बसल्यागत मागे सरली.

"ह्यो माझा माणूस न्हवं."

लोकांना वाटलं, दुःखाने बोलतेय. सगळ्यांचे डोळे भरून आले. मला मात्र कळलं होतं. मोजा काढायला असा किती वेळ लागला असता? पण खड्डा तयार होता, माणसं खोळंबली होती, आणि माझा स्वभाव असा की चूक कळली की मी जास्तच ताठते. "बाबाच आहेत आई, चल, उशीर होतोय," म्हणून मी तिला बाजूला घेतलं. झाकण लागलं.

घरी आल्यावर मी तिला कापसाचं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. वर मीच अक्कल पाजळली, "स्वर्गात सगळे धडधाकटच असतात. बाबांना बोटं परत मिळाली असतील. बरंच झालं की."

"मग मी वळखू कशी?" आई म्हणाली.

त्या दिवसापासून संध्याकाळची प्रार्थना बंद झाली. आई खाटेवर बसायची, पण हात पदराखाली. एकदा आपणहून म्हणाली, "वर जायचं भ्या वाटाय लागलंया. एवढ्या गर्दीत ह्यांनी हात फुडं केला, आन् मी परका म्हणून सोडला तर?" मी स्वतः फार विश्वासाची नाही, पण ते बोलणं मला लागलं. जन्मभर जिथे जायचं म्हणून ती आनंदात होती, ते घर मी तिला परकं करून ठेवलं होतं.

पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, आम्ही पहाटे दफनभूमीत जमतो. आदल्या दिवशी जो तो आपापल्या माणसाची कबर झाडतो, चुना लावतो, फुलं ठेवतो. तिथेच उपासना होते. त्या वर्षी चर्चच्या पाळकसाहेबांनी संशयी शिष्याची गोष्ट घेतली, ज्याला मरणातून उठलेल्या प्रभूने आपल्या हातांवरच्या खिळ्यांच्या जखमा दाखवल्या. ते बोलत असताना आईने मध्येच मोठ्याने विचारलं, "पाळकसाहेब, वर जाताना त्या भोकांचं काय झालं?"

मी तिचा पदर ओढला. लोक वळून बघायला लागले. पाळकसाहेब वयाने लहान, माझ्या मुलाएवढे. ते शांतपणे म्हणाले, "तशीच घेऊन गेले, आजी. त्याच देहाने गेले. आजही देवबापाजवळ आपल्यासाठी विनंती करतात ती त्याच हातांनी."

"बुजवली न्हाईत? त्यास्नी बुजवता आली असती की."

"आली असती. नाही बुजवली."

"मग ह्यांची बोटं?"

"ते मला माहीत नाही, आजी. खोटं सांगणार नाही. पण प्रभूने आपला हात लपवला नाही, एवढं नक्की."

आईने वाकून वडिलांच्या कबरीवर तळवा टेकवला. "ऐकलं न्हवं?" ती खाली बघून म्हणाली. "तितं कुणी हात खिशात घालत न्हाई."

परत येताना रिक्षात तिने माझा हात धरला. तिच्या तळव्याला चुना लागला होता. मी म्हटलं, "मला लाज वाटायची गं बाबांच्या हाताची. म्हणून केलं मी तसं."

"ठावं हाय. त्यास्नीबी ठावं हुतं," आई म्हणाली. "तुज्यासाठीच तर खिशात घालायचं."

मी रिक्षात हुंदके देऊन रडले. आई माझा हात चोळत राहिली. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी खाटेवर बसून प्रार्थना केली.

यंदा नाताळ झाल्यावर आई गेली. पेटीवाल्याने मोजे दिले. मी डाव्या हातात मोजा चढवला आणि उजवा तसाच उघडा ठेवला. शेजारची बाई म्हणाली, "अहो, दुसरा मोजा राहिला की."

"राहू दे," मी म्हटलं. "त्या हाताने तिला बाबांना ओळखायचंय."