दाऊदभाईची जबानी

हे लिहायचा मला काय अधिकार, असं लिहायला बसल्यापासून वाटतं आहे. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीपुढे शिकलेलं नाही. वडील मिठागरावर असतात. नोकरी म्हणावी अशी मी एकच केली, तीही एका मे महिन्यापुरती, अलिबागेत उतारूंच्या गाड्या चालवणाऱ्या एका सर्व्हिस मोटार कंपनीत कारकुनाची. तिथल्या माझ्या एका चुकीबद्दल सांगायचं आहे. लांबलं तर माफ करावं.

दाऊदभाई माझ्या टेबलापुढे उभा होता. सदरा धुळीनं माखलेला, कोपर सोललेलं. तो नागावहून रेवसच्या बंदरापर्यंत गाडी चालवायचा, मुंबईच्या लाँचची माणसं घेऊन. त्या सकाळी गाडी चोंढीच्या वळणावर रस्ता सोडून शेतात गेली होती. एका बागायतदार उतारूचं मनगट मोडलं, आणि त्यानं तक्रार केली की ड्रायव्हर लाँच गाठायला गाडी बेफाम हाकत होता. अशा वेळी ड्रायव्हरची जबानी लिहून पोलीस कचेरीत धाडायची असते. लायसन्स तिथूनच मिळतं आणि तिथेच जातं.

"लिव मास्तर," दाऊदभाई म्हणाला. मला तो पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणायचा. "वळनावर पुढलं टायर पंक्चरलं. गाडी डाव्या अंगाला खेचली. हॉर्नाया टाइम नव्हता. मी ब्रेकलो. बांधावर चढून गाडी थांबली. बस, येवढंच."

टायरमधल्या रबरी नळीला भोक पडून हवा जाते, त्याला पंक्चर म्हणतात. पुढचं चाक असं एकाएकी बसलं की गाडी त्याच बाजूला ओढते. दाऊदभाईचं बोलणं अगदी नीट होतं. पण पंक्चरलं! ब्रेकलो! आमचे मराठीचे प्राध्यापक असले शब्द निबंधात दिसले की लाल पेन्सिलीनं कागद फाटेपर्यंत खोडत. इंग्रजी शब्द घ्यायचा तो घ्यायचा, वर त्याला मराठी प्रत्यय लावून क्रियापद करायचं, ह्याची त्यांना किळस होती. मलाही ती लागली होती. नवीन होती, म्हणून जरा जास्तच.

मी लिहिलं: "अग्रचक्रातील वायू अकस्मात निःसरण पावल्याने वाहन वामांगास विचलित झाले. चालकाने तत्काळ गतिरोधन केले."

"बराबर लिवलं ना?" दाऊदभाईनं विचारलं.

"तुझ्यापेक्षा बरं लिहिलंय."

"मग आन शाई." त्यानं अंगठा उठवला. मी वाचून दाखवलं नाही.

आठ दिवसांनी पोलीस कचेरीतून बोलावणं आलं. आमचे मॅनेजर तात्या, दाऊदभाई आणि रजिस्टर सांभाळायला मी, असे तिघे गेलो. तिथल्या साहेबांनी जबानी मोठ्यानं वाचली. दारातला शिपाई तोंडावर हात धरून हसला.

"हे तू बोललास?"

"न्हाय साहेब. ह्यातलं मी काय पन बोललो न्हाय."

"अंगठा कुणाचा?"

"माजाच."

"मग खोटं कोण बोलतंय, तू की अंगठा?" साहेबांनी कागद तात्यांकडे सरकवला. "वकिलानं पढवलेलं दिसतंय. सरळ असता तर पढवायची गरज काय होती?"

तात्यांचा चेहरा उतरला. दाऊदभाईनं माझ्याकडे एकदासुद्धा पाहिलं नाही. त्यानं नुसतं बोट दाखवलं असतं, तरी सुटला असता. तो पायांच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला.

मी रजिस्टर टेबलावर ठेवलं. बोललो. "साहेब, ते मी लिहिलं. त्याचे शब्द बदलून."

"का?"

"ते... शुद्ध नव्हते."

"मग अशुद्ध काय होतं ते सांग."

भरल्या कचेरीत मी दाऊदभाईची जबानी तोंडपाठ म्हटली. पंक्चरलं, खेचली, हॉर्नाया, ब्रेकलो. एकही शब्द विसरलो नव्हतो. साहेब ऐकत राहिले. शिपाई आता हसला नाही.

"हे मला समजलं," साहेब म्हणाले. "टायर तपासायला पाठवतो. उतारूंनाही विचारतो. तोवर लायसन्स इथंच राहील."

बाहेर आल्यावर तात्या एवढंच म्हणाले, "बाळ, तुझ्या भाषेपायी त्याची चूल विझायची होती."

दाऊदभाईनं पाठीवर हात ठेवला. "जाऊं दे तात्या. पोरानं माजं बोलनं पाठ केलंय. माज्या बायकोला पन येवढं याद नसतं."

जूनमध्ये कॉलेज सुरू होणार होतं. चौकशीचा निकाल लागला नव्हता. रेवसला मला पोचवायला दाऊदभाई आला, पण उतारू होऊन; गाडी दुसराच कुणी चालवत होता. त्या गाडीच्या पेट्रोलचा वास, मागच्या बाकावरच्या सुपारीच्या पोत्यांचा वास अजून नाकात आहे.  दर वळणाला दाऊदभाईचा उजवा पाय फळीवर दाबला जायचा, तिथं नसलेल्या ब्रेकवर. चोंढीच्या वळणावर मी दुसरीकडे पाहिलं.

जबानी म्हणजे दुसऱ्याचं बोलणं. ते आपल्या हाती सांभाळायला दिलेलं असतं, सुधारायला नाही. एवढी साधी गोष्ट शिकायला मला कॉलेज पुरलं नव्हतं. निबंधात मी आजही पंक्चरलं लिहीत नाही; प्राध्यापकांचा धाक आहे. पण कुणी बोललं तर आता कान टवकारतो, चोंढीचं वळण आठवतं.

श्रावणात होस्टेलवर कार्ड आलं. अक्षर तात्यांचं होतं, आणि त्यांनी एक अक्षरही बदललेलं नव्हतं:

"मास्तरला दाऊदचा सलाम. टायर फाटलेलंच निगालं. गाडीतल्या बाया पन माजेसारक्याच बोलल्या. लायसन भेटलं. आज सकाली गाडी स्टार्टली. चोंडीच्या वळनावर तुज्या नावानं हॉर्नलो."