साहेबांचा नैसर्गिक झरा

मैत्रिणींनो, आत्ताच तळ्यावरून आलेय, डोकं फिरलंय.

आमच्या तळे बचाव गटाच्या तक्रारीवरून आज पालिकेचे एक साहेब पाहणीला आले. पाइपातून इमारतींचं सांडपाणी तळ्यात पडत होतं. साहेबांनी नाकाला रुमाल लावून अहवालात लिहिलं, 'नैसर्गिक झरा'. झरा कोण बंद करणार?

"अहो, झऱ्याला साबणाचा फेस येतो?" आमच्या गटातल्या शोभाताईंनी विचारलं.

"मॅडम, तुम्हाला त्यातलं टेक्निकल कळणार नाही."

याच तळ्यात बाबांनी मला पोहायला शिकवलं. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरसाठी मी इथलीच कमळं न्यायचे.

निघताना साहेबांचा पाय चिखलात गेला. "धुवायला पाणी आहे का?"

मी म्हटलं, "झरा आहे की!"

त्यांनी गाडीतून बाटली मागवली. अहवालातला झरा मात्र खोडला नाही.

तुमच्याकडच्या तळ्यांत असे किती झरे आहेत?